न्याहाळक कोणाला न्याहाळतो?

श्रोतेहो, इंग्रजीत ज्याला ब्राउझर म्हणतात त्याला मराठीत काही जाणकारांनी ‘न्याहाळक’ असा शब्द सुचविला आहे. शब्द कानाला गोड आहे, पण तो रुळला नाही. बोलताना आपण सारे ब्राउझर असेच म्हणतो आणि मीही यापुढे तोच शब्द वापरणार आहे. तथापि ‘न्याहाळणे’ या क्रियापदात एक गंमत आहे. न्याहाळणारा एक आणि न्याहाळला जाणारा दुसरा, असे दोन पक्ष त्यात गृहीत असतात. आंतरजालाच्या बाबतीत आपण असे धरून चालतो की, न्याहाळणारे आपण आणि न्याहाळले जाते ते जग. पण गेल्या तीस वर्षांत या दोन पक्षांची अदलाबदल केव्हा झाली हे कोणाच्या नीटसे ध्यानातही आले नाही. ज्या खिडकीतून आपण बाहेर पाहत होतो, तिच्यातूनच बाहेरचे लोक आपल्या घरात पाहू लागले. मग ही खिडकी बदलावी काय, बदलली तर पदरात काय पडेल आणि काय गमवावे लागेल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी ज्या शहरात नोकरीनिमित्त राहतो त्या बंगळूर शहराचा या प्रश्नाशी दोन-तीन प्रकारे संबंध आलेला आहे. त्यामुळे उदाहरणे शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी आपला ब्राउझर निवडलेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी. दुकानातून फोन घरी आला तेव्हा तो त्यात होताच. भाड्याच्या घरात आधीच बसवलेला पंखा जसा आपण मुकाट्याने वापरतो, तसेच हे आहे. पंखा फिरतो आहे तोवर त्याची चौकशी कोण करतो? परंतु पंखा घरमालकाला आपल्या येण्याजाण्याच्या वेळा कळवीत नाही. ब्राउझरचे तसे नाही. बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, दुखण्याखुपण्याची चौकशी, निवृत्तिवेतनाचा दाखला, या साऱ्या गोष्टी आता त्याच्या देखत होतात. एवढा घरोबा ज्याच्याशी आहे तो मूळचा कोण, कोठला, आणि त्याचे पोट कशावर भरते, हे ठाऊक असलेले बरे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९९० साली स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझाइक’ निघाला आणि चित्रे व मजकूर एकाच पानावर दिसू लागले. त्याच मंडळींपैकी काहींनी १९९४ साली ‘नेटस्केप’ बाजारात आणला. पाठोपाठ १९९५ साली मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ आणला, पुढे तो आपल्या विंडोज प्रणालीबरोबर फुकट वाटला आणि काही वर्षांतच प्रतिस्पर्ध्याचे दुकान बसविले. २००३ च्या सुमारास जगातील दहांतील नऊ माणसे त्याच एका खिडकीतून आंतरजाल पाहत होती. नेटस्केपने मावळताना एक शहाणपणाची गोष्ट केली. १९९८ साली तिने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगाला खुली करून दिली. त्या बीजातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने ‘क्रोम’ आणला. आज मक्तेदारीचा तोच मुकुट क्रोमच्या डोक्यावर आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

या मक्तेदारीची झळ मराठी वाचकाला एकदा प्रत्यक्ष बसलेली आहे. तरुण श्रोत्यांना ती ठाऊक नसेल. युनिकोड ही सर्वमान्य अक्षरसंकेतांची पद्धत रुळण्यापूर्वी बहुतेक मराठी नियतकालिकांच्या संकेतस्थळांचा स्वतःचा निराळा फॉन्ट असे. वाचकाच्या संगणकावर तो नसला तरी पानाबरोबर तो आपोआप उतरावा अशी एक युक्ती निघाली होती. परंतु ती चाले इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरने तेच पान उघडावे, तर मराठी अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निव्वळ कचरा दिसे. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचे एक जोडसाधन निघाले होते. ते त्या कचऱ्याचे पुन्हा वाचनीय युनिकोडमध्ये रूपांतर करी. म्हणजे स्वतःच्या मातृभाषेतील वर्तमानपत्र वाचण्यासाठीसुद्धा एका परदेशी कंपनीची विशिष्ट वस्तू जवळ बाळगणे भाग होते. मक्तेदारीचा अर्थ एरवी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून समजावून सांगावा लागतो. तो त्या काळच्या मराठी वाचकाला एका क्षणात कळला असता.

आज ही अडचण उरलेली नाही. क्रोम काय किंवा फायरफॉक्स काय, देवनागरी अक्षरांची जुळणी करण्यासाठी दोघेही ‘हार्फबझ’ या एकाच मुक्त साधनाचा आधार घेतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद, म्हणजे गुरुजींना दिलेली दक्षिणा आणि स्वयंपाक्याला दिलेली मजुरी यांतील भेद, दोन्ही ठिकाणी शाबूत राहतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दिसत नसेल, तर दोष बहुधा फॉन्टचा किंवा ते पान मराठी आहे अशी खूण न करणाऱ्या संपादकाचा असतो. सबब अमुक ब्राउझरमध्ये मराठी चांगले दिसते म्हणून तो घ्या, असे कोणी सांगू लागले तर तो मुद्दा आता फारसा विचारात घेऊ नये. फायरफॉक्समध्ये सूचना आणि यादीतील शब्द मराठीत मिळतात, ही सोय मात्र खरी आहे. पण तशी सोय आता इतरांनीही केली आहे.

आता बंगळूरकडे येतो. जुलै २०१० मध्ये येथील ‘हिडन रिफ्लेक्स’ या लहानशा कंपनीने ‘एपिक’ नावाचा ब्राउझर प्रसिद्ध केला. तिचे संस्थापक आलोक भारद्वाज. ‘भारताचा पहिला ब्राउझर’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच्या पोटात फायरफॉक्सचेच यंत्र होते. वरचा साज तेवढा देशी होता. मराठीसह भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय, विषाणू शोधणारे साधन, कडेच्या पट्टीत बातम्या आणि चित्रफिती, आणि पार्श्वभूमीला भारतीय विषयांची शेकडो चित्रे, अशी त्याची सजावट होती. थोडक्यात, जत्रेतल्या दुकानासारखा तो होता. हौसेने घेणारे पुष्कळ भेटले असतील, पण चित्रांच्या आणि झुलीच्या जोरावर माणूस रोजची सवय मोडत नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, त्याच मंडळींनी ती सारी झूल उतरवून ठेवली, फायरफॉक्सचे यंत्र काढून गूगलने खुले केलेले क्रोमियमचे यंत्र बसविले, आणि एकच गोष्ट पुढे केली: गोपनीयता. नवा एपिक आपण काय पाहिले याची नोंद ठेवीत नाही, बंद करताच मागचे सारे पुसून टाकतो, पाठलाग करणाऱ्या साधनांना अडवितो, आणि हवे असल्यास आपली वाहतूक मध्यस्थ संगणकामार्फत वळवून आपला पत्ता झाकतो. यंत्र गूगलचे घेतले, पण गूगलकडे निरोप पोचविणाऱ्या सोयी त्यातून काढून टाकल्या.

तीन वर्षांतला हा पालट मला फार बोलका वाटतो. ‘देशी’ हे एवढेच कारण पुरेसे नाही, वस्तूने काहीतरी निराळे करून दाखविले पाहिजे, हे त्या निर्मात्यांनी ओळखले. २०१३ हे वर्षही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी जून महिन्यात एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या हेरखात्याची कागदपत्रे उघड केली होती, आणि आपल्यावर कोणी पाळत ठेवीत असेल ही शंका वेडगळपणाची राहिली नव्हती.

पाळत नेमकी चालते कशी? १९९४ साली नेटस्केपमधील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. संकेतस्थळाला मागची ओळख राहत नाही. दर वेळी गिऱ्हाईक नवेच. म्हणून त्याने आपल्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवावयाची आणि पुढच्या भेटीत ती पाहून ओळख पटवावयाची, एवढाच तिचा निरुपद्रवी हेतू होता. परंतु एका पानावर अनेकांच्या जाहिराती असतात आणि प्रत्येक जाहिरातदारालाही आपली चिठ्ठी ठेवता येते. तोच जाहिरातदार हजारो पानांवर हजर असला, की आपण सकाळी वर्तमानपत्र वाचले, दुपारी गुडघेदुखीचे औषध शोधले आणि रात्री रत्नागिरीच्या गाडीची वेळ पाहिली, हे तिन्ही धागे त्याच्या हातात येतात. सफारी या ॲपलच्या ब्राउझरने २०२० साली अशा परक्या चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाची चिठ्ठी निराळ्या डब्यात कोंडावयास सुरुवात केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये, दोन वर्षांत आपणही त्या बंद करू असे सांगितले, मग मुदत वाढविली, पुन्हा वाढविली, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. जाहिरातीवर ज्याचा संसार चालतो त्याच्याकडून याहून निराळी अपेक्षा करणे म्हणजे हलवायाने साखरेवर बहिष्कार घालावा असे म्हणणे होय. यात मी गूगलला खलनायक ठरवीत नाही. क्रोम वेगवान आहे, सुरक्षित आहे, आणि त्यामागे उत्तम अभियंत्यांची मेहनत आहे. मात्र त्याचे हित आणि आपले हित या एका ठिकाणी जुळत नाही, हे लपवूनही चालणार नाही.

आमच्या कचेरीत बेळगावकडचे एक ज्येष्ठ लेखापाल आहेत. मी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, आम्हां संसारी माणसांकडे लपविण्यासारखे आहे तरी काय? पाहू द्यात की त्यांना.” हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यांना एवढेच विचारले, “तुम्ही मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना बैठकीच्या खोलीचे दार का लोटून घेतलेत?” दार लोटणारा माणूस गुन्हा करीत नसतो. तो घरात असतो, इतकेच. या साध्या गोष्टीला आपल्या देशात घटनात्मक मान्यता मिळाली तीही बंगळूरच्याच एका वयोवृद्ध नागरिकामुळे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या प्रकरणातून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०२४ साली निवर्तले.

मग एपिकसारखा ब्राउझर घ्यावा आणि मोकळे व्हावे, असे वाटेल. पण श्रोतेहो, तराजूचे दुसरे पारडेही रिकामे नाही.

त्या पारड्यातील सर्वांत जड वस्तू म्हणजे डागडुजी. ब्राउझर ही एकदा बांधून झाली की संपली अशी इमारत नव्हे. कोकणातल्या कौलारू घराप्रमाणे दर पावसाळ्याआधी तिचे कौल पाहावे लागते, आणि येथे पावसाळा बारमाही आहे. क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या सुधारणा दर आठवड्याला पाठविण्याचा क्रम ठेवला आहे. क्रोमियमची संहिता खुली असल्यामुळे, एखादे छिद्र बुजविले की ते छिद्र कोठे होते हेही चोरांना कळते. मोठ्या कंपनीचे गिऱ्हाईक थोड्याच दिवसांत सुरक्षित होते. उसने यंत्र घेणाऱ्या लहान कंपनीने तीच दुरुस्ती आपल्या मालात उतरविण्यास पंधरा दिवस किंवा महिना लावला, तर तेवढे दिवस तिचे गिऱ्हाईक उघड्यावर असते. म्हणून कोणताही पर्यायी ब्राउझर घेताना त्याची जाहिरात वाचण्याऐवजी त्याच्या मागच्या सुधारणेची तारीख पाहावी. आत क्रोमियमची कितवी आवृत्ती आहे ते ‘माहिती’च्या पानावर लिहिलेले असते. ती चालू आवृत्तीच्या बरीच मागे असेल, तर गोपनीयतेच्या गोष्टी कितीही रम्य असोत, त्या घरात बँकेचा व्यवहार करू नये.

दुसरी गोष्ट मध्यस्थाची. आपला पत्ता झाकण्यासाठी वाहतूक दुसऱ्याच्या संगणकातून नेली, म्हणजे जे आपल्या सेवा-पुरवठादाराला दिसत होते ते आता त्या मध्यस्थाला दिसू लागते. विश्वास नाहीसा झाला नाही. त्याची बदली झाली, सरकारी नोकराची होते तशी. २०१५-१६ च्या सुमारास आपल्या देशात ‘यूसी ब्राउझर’ या चिनी ब्राउझरचा फार बोलबाला होता. कमी डेटा खर्च होतो, पाने चटकन उघडतात, म्हणून लाखो लोकांनी क्रोम सोडून तो घेतला. मे २०१५ मध्ये कॅनडातील ‘सिटिझन लॅब’ या संशोधन-संस्थेने दाखवून दिले की, तो वापरणाऱ्याचा ठावठिकाणा आणि शोधलेले शब्द पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात होते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यांत तो होता. पर्याय निवडला म्हणजे तो चांगलाच निघेल, असा काही नियम नाही.

तिसरी अडचण जरा गमतीची आहे. गर्दीत लपावयाचे असेल तर सर्वांसारखे कपडे घालावे लागतात. एकट्यानेच फेटा बांधला तर तो लांबूनही ओळखू येतो. ब्राउझर आपल्या पडद्याचा आकार, फॉन्टांची यादी, घड्याळाचा पट्टा अशा बारीकसारीक गोष्टी संकेतस्थळाला सांगत असतो आणि त्यांच्या जुळणीवरून माणूस हुडकता येतो. २०१० साली अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने केलेल्या प्रयोगात पाचांपैकी चाराहून अधिक ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले. दुर्मीळ ब्राउझर वापरणारा माणूस चिठ्ठ्यांपासून वाचतो आणि फेट्यामुळे सापडतो! ‘टॉर’ या ब्राउझरच्या निर्मात्यांनी म्हणूनच उलट मार्ग धरला. त्याचे सारे वापरणारे शक्य तितके एकसारखे दिसावेत, अशी व्यवस्था त्यांनी केली. मात्र त्याची मंद गती रोजच्या कामाला सोसवत नाही.

आणि ‘खाजगी खिडकी’ या नावाने जी सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असते तिच्याविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. ती घरातल्या दुसऱ्या माणसापासून आपली नोंद लपविते. कचेरीच्या जाळ्यापासून, सेवा-पुरवठादारापासून अगर संकेतस्थळापासून नव्हे. अमेरिकेत याच मुद्द्यावर २०२० साली गूगलवर सामूहिक दावा लागला आणि २०२४ साली झालेल्या तडजोडीत साठविलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलला मान्य करावे लागले.

सारे काही विसरणारा ब्राउझर घेतल्यावर रोजच्या जीवनात काय होते, तेही सांगितले पाहिजे. परवलीचे शब्द दर वेळी नव्याने टंकावे लागतात. काही संकेतस्थळे आपल्याला अनोळखी समजून दर खेपेला फोनवर सांकेतिक अंक पाठवितात. जाहिराती अडविल्यामुळे काही पाने उघडतच नाहीत, काही उघडून पांगळी राहतात. एका अर्जाच्या पानावर मला सर्व रकाने भरून झाल्यावर शेवटचे बटण दाबूनही काही घडेना. पाठलाग रोखणारी ढाल क्षणभर बाजूला केली तेव्हा अर्ज गेला. ज्याला हे माहीत नाही असा वृद्ध निवृत्तिवेतनधारक तेथेच अडकून बसेल, आणि दोष आपलाच असे समजेल.

येथे मी सरकारी नोकर या नात्याने थोडे बोलणार आहे. अमुकच ब्राउझर वापरा, तमुक आवृत्ती वापरा, अशी पाटी लावलेली सरकारी संकेतस्थळे आपण सर्वांनी एके काळी पाहिली आहेत. अंकीय सहीची साधने त्या जुन्या एक्स्प्लोररशी जखडलेली असत. तो ब्राउझर म्हातारा झाला तरी कचेऱ्यांना त्याला सोडता येईना. कचेरीचे दार सर्व नागरिकांसाठी सारखे उघडे असते आणि अमुक दुकानातल्या वहाणा घालून येणाऱ्यालाच आत सोडू असे कोणताही अधिकारी म्हणू धजणार नाही. संकेतस्थळाच्या दारात मात्र नेमके तेच म्हटले जात होते. २००९ साली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी जे मार्गदर्शक नियम केले, त्यांत निरनिराळ्या ब्राउझरांवर पान तपासून घ्यावे हे कलम आहे. पण कलम पुस्तकात असणे आणि ते कंत्राटाच्या मसुद्यात उतरणे यांत पुष्कळ अंतर असते. माझ्या मते नागरिकाने पर्यायी ब्राउझर वापरावा की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. त्याने तो वापरला तर त्याचे काम अडता कामा नये, हा पहिला. निविदेत एक ओळ घातली आणि काम ताब्यात घेताना फायरफॉक्सवर एकदा अर्ज भरून पाहिला, तर यातील अर्धे दुखणे नाहीसे होईल.

पर्याय म्हणून जे मिरवतात त्यांपैकी खरे पर्याय किती, हेही पाहू. ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा, एपिक, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचा एज ही सारी दुकाने निराळी, पण भट्टी एकच, क्रोमियमची. ऑपेराने आपले स्वतःचे यंत्र २०१३ साली सोडले, एजने जानेवारी २०२० मध्ये. आज जगात पूर्ण वाढलेली यंत्रे तीनच उरली आहेत. गूगलचे, ॲपलचे आणि मोझिलाचे. आणि पहिली दोन एकाच कुळातली, के.डी.ई. या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिहिलेल्या एका जुन्या संहितेची नातवंडे आहेत. एकाच जातीचे बियाणे साऱ्या शिवारात पेरले म्हणजे कीड आली तर सगळे पीक एकदम जाते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. उरलेले तिसरे यंत्र जपणारी मोझिला ही संस्था आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग मिळविते तो कोणाकडून? गूगलकडून! फायरफॉक्समध्ये शोधासाठी गूगलला पहिली जागा दिल्याचा तो मोबदला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी टिकविली असा निर्णय दिला. अशा जागांसाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचे त्या खटल्यात बाहेर आले. क्रोम विकावयास लावा, अशी सरकारपक्षाची मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ती नाकारली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणी गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला, त्यात फोनवरील ब्राउझरची बाजारपेठही विचारात घेतली होती.

स्वदेशी ब्राउझरचा विचार सरकारी पातळीवर पुन्हा निघाला तो याच पार्श्वभूमीवर. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने भारतीय ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा जाहीर केली. बक्षिसांसाठी ३ कोटी ४१ लाख रुपये ठेवले आणि व्यवस्था सी-डॅकच्या बंगळूर केंद्राकडे दिली. पुण्यात जन्मलेल्या, परम महासंगणकामुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या सी-डॅकचेच हे केंद्र. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. पहिले एक कोटीचे बक्षीस झोहो या कंपनीला मिळाले. झोहोने २०२३ सालीच ‘उला’ नावाचा ब्राउझर काढलेला होता. तमिळमध्ये उला म्हणजे फेरफटका. त्याच्याही आत क्रोमियमच आहे.

या स्पर्धेतील एका अटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्त्याच्या कडेला कुलपाची जी खूण दिसे, ती म्हणजे हे संकेतस्थळ खरोखर त्याच पत्त्याचे आहे अशी कोणीतरी दिलेली ग्वाही. ग्वाही देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी प्रत्येक ब्राउझरजवळ असते, आणि यादीत कोण असावे हे ब्राउझरचा मालक ठरवितो. भारत सरकारचे या कामाचे नियंत्रक २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये नेमलेले आहेत. पण फायरफॉक्सच्या यादीत त्यांची मूळ मुद्रा नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या यादीत ती होती, आणि जुलै २०१४ मध्ये त्याच साखळीतील एका शासकीय संस्थेच्या मुद्रेने गूगलच्या पत्त्यांसाठी खोटी प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. त्या संस्थेच्या मुद्रा तातडीने रद्द झाल्या, आणि क्रोमने भारतीय मुद्रेचा अंमल ठराविक भारतीय पत्त्यांपुरता आखून टाकला. नव्या ब्राउझरमध्ये ही भारतीय मुद्रा जन्मापासून असावी, अशी स्पर्धेची अट होती.

तिची इच्छा समजण्यासारखी आहे. आपल्या देशातील बँकेची ओळख पटविण्यासाठी कॅलिफोर्नियातील यादीवर अवलंबून राहावे, हे स्वतंत्र राष्ट्राला शोभत नाही. पण यादीत जागा मिळणे हा मान नसून ती एक जबाबदारी आहे. २०११ साली हॉलंडमधील ‘डिजिनोटार’ ही प्रमाणपत्रे देणारी कंपनी चोरांनी फोडली, त्या चोरीच्या मुद्रेच्या जोरावर इराणमधील लाखो लोकांचा टपालव्यवहार उघडा पडला, आणि ब्राउझरवाल्यांनी तिला यादीतून काढताच महिन्याभरात ती दिवाळखोर झाली. ती कंपनी डच सरकारलाही प्रमाणपत्रे पुरवीत होती. सरकारी काम असले तरी शेवटी तिची गय झाली नाही. आपली यादी आपल्या हाती येईल तेव्हा चूक करणाऱ्या स्वकीय संस्थेला तितक्याच तडकाफडकी बाहेर काढण्याची धमक यादी सांभाळणाऱ्यांत असेल काय? या अटीच्या बरेवाईटपणाचा निवाडा यावरच होणार आहे. शासनातच नोकरी करणारा माणूस म्हणून मी म्हणेन की, त्या निर्णयाची पद्धत, कारणे आणि तारखा लोकांना वाचता येतील अशा उघड्या ठेवाव्यात. मोझिला आपल्या यादीविषयीची चर्चा जाहीरपणे करते, ती पद्धत अनुकरण करण्याजोगी आहे.

तोपर्यंत घरगुती व्यवस्था काय करावी, असे ते लेखापाल मला विचारीत होते. मी त्यांना दोन ब्राउझर ठेवावयास सांगितले. बँक, कर आणि निवृत्तिवेतन यांसाठी एक, नेहमी ताजा ठेवलेला, त्यात दुसरे काही पाहावयाचे नाही. वाचन, शोध, दुखणीखुपणी आणि इकडचे तिकडचे यांसाठी दुसरा, पाठलाग अडविणारा. माझ्या दृष्टीने फायरफॉक्स, कारण निराळे यंत्र जिवंत राहावे असे मला वाटते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ॲप’ असे एक पान असते, तेथे जाऊन पहिला मान कोणाला द्यावयाचा ते ठरविता येते. दोन मिनिटांचे काम आहे. त्यांनी ते माझ्यासमोरच केले, आणि मग चष्मा पुसत विचारले, की आता जुन्याने आजवर गोळा केलेले परत कसे मागावयाचे. खात्याच्या पानावर नोंदी पुसण्याची सोय आहे, ती मी त्यांना दाखविली. पुसावयाच्या यादीत २०१४ पासूनच्या नोंदी होत्या.